वाचकांचे प्रश्न : नळावरच्या रांगेतून लोकसभेच्या बाकापर्यंत

गेल्या अंकात समाजवादी नेत्या मृणाल गोरे यांच्यावर एक छोटे टिपण छापले होते. त्यावर अनेक पत्रे आली. काही वाचकांना मृणालताईंच्या आयुष्याविषयी आणखी माहिती हवी आहे, तर काहींनी स्त्रिया राजकारणात कशा येतात आणि निवडून आल्यावर सभागृहात नेमके काय करतात, असे विचारले आहे. हे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे वगळली आहेत.

मृणालताई वैद्यकीय शिक्षण घेत होत्या, असे आपण लिहिले होते. डॉक्टर होऊ शकणारी मुलगी राजकारणात कशी आली? त्यांना पहिली उमेदवारी कोणी दिली? – एक वाचक, डोंबिवली

मृणालताईंचा जन्म 1928 सालचा आणि माहेरचे आडनाव मोहिले. बेचाळीसच्या आंदोलनानंतरच्या काळात राष्ट्र सेवा दलाने मुंबई-पुण्याकडच्या ज्या असंख्य तरुणांना ओढून घेतले, त्यांत त्याही होत्या. वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता, पण ते शिक्षण त्यांनी अर्ध्यावर सोडले आणि पूर्णवेळ सेवा दलाचे काम पत्करले. 1948 मध्ये समाजवादी कार्यकर्ते केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी त्यांचा आंतरजातीय विवाह झाला आणि संसार गोरेगावला थाटला गेला. त्या काळचे गोरेगाव मुंबई शहरात नव्हते. तिथे ग्रामपंचायत होती.

उमेदवारीचा विचार करताना हे शेवटचे वाक्य मला महत्त्वाचे वाटते. गोरेगाव पहिल्यापासून महानगरपालिकेत असते, तर विशीत असलेल्या, पैसा किंवा नात्याचा आधार नसलेल्या तरुणीला एखाद्या पक्षाने लगेच उभे केले असते, असे म्हणणे कठीण आहे. ग्रामपंचायत लहान होती. समाजवादी पक्षाचे तिथले कार्यकर्ते एकमेकांना ओळखत होते, आणि मृणालताई घराघरांत जाऊन स्त्रियांचे आरोग्य व कुटुंबनियोजन यांविषयी बोलत होत्या. कुटुंबनियोजन हा शब्द उच्चारायलाही लोक संकोचत, अशा काळात एखादी तरुण बाई दारात येऊन त्यावर बोलते, म्हणजे तिने आधी त्या घराचा विश्वास मिळवलेला असला पाहिजे. 1950च्या दशकात त्या गोरेगाव ग्रामपंचायतीवर निवडून आल्या, त्यामागे हा विश्वास होता. पक्षाने उमेदवारी दिली हे खरे, परंतु मतदारांच्या उंबऱ्यावर त्यांची ये-जा त्याआधीच सुरू झालेली होती.

1957 मध्ये गोरेगावसह उत्तरेकडील उपनगरे बृहन्मुंबई महानगरपालिकेत आली, आणि 1958 मध्ये बंडू गोरे यांचे निधन झाले. मृणालताई तेव्हा तीस वर्षांच्या होत्या आणि पदरी लहान मुलगी होती. आपल्याकडे अशा प्रसंगी स्त्रीने सार्वजनिक कामातून मागे सरावे, असाच सल्ला चहूकडून मिळतो. त्यांनी बंडूंच्या नावाने गोरेगावात स्मारक ट्रस्ट उभा करण्यात पुढाकार घेतला, काम चालू ठेवले आणि 1961 मध्ये त्या महापालिकेत नगरसेविका म्हणून निवडून गेल्या.

तिथे त्यांना पाणी हा विषय सापडला, असे म्हटले जाते. वस्तुतः तो विषय त्यांच्या दारातच होता. उपनगरे शहराला जोडली गेली तरी जलवाहिन्या त्या वेगाने पोहोचल्या नव्हत्या. नव्या वसाहतींत आणि झोपडपट्ट्यांत बायका पहाटेपासून हंडे-कळशा घेऊन नळावर उभ्या राहत. झोपडी अनधिकृत असल्यामुळे तिला नळजोडणी देता येत नाही, अशी प्रशासनाची भूमिका असे, आणि कागदावर पाहिले तर ती नियमाला धरूनच होती. म्हणून हा झगडा दोन पातळ्यांवर लढवावा लागला. एकीकडे बायकांना घेऊन कचेरीवर जायचे, आणि दुसरीकडे सभागृहात उभे राहून अधिकाऱ्यांकडून आकडे मागायचे, कोणत्या भागाला किती पाणी सुटते हे विचारायचे, अंदाजपत्रकात त्या कामासाठी रक्कम धरली आहे की नाही हे पाहायचे. ‘पाणीवाली बाई’ हे नाव लोकांनी दिले आणि ते आयुष्यभर टिकले. ते नाव ऐकून अनेकांच्या डोळ्यांपुढे फक्त हंडा मोर्चा येतो. अंदाजपत्रकाची पुस्तिका हातात घेतलेली नगरसेविका मात्र येत नाही, याचे मला वाईट वाटते.

लाटणे मोर्चाची आठवण माझी आई सांगत असे. परंतु मोर्चे काढणारी व्यक्ती विधिमंडळात कितपत उपयोगी पडते? तिथे तर कायद्याचा अभ्यास लागतो. – एक वाचक, नाशिक

आपल्या आईंची आठवण 1972-73च्या सुमाराची असणार. महाराष्ट्रात तेव्हा भीषण दुष्काळ होता. धान्य, तेल, साखर, रॉकेल या वस्तू मिळेनाशा झाल्या होत्या आणि मिळाल्या तरी भाव परवडत नव्हते. महागाईच्या विरोधात वेगवेगळ्या पक्षांच्या स्त्रियांनी एकत्र येऊन संयुक्त समिती स्थापन केली. तीत समाजवादी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते होत्या, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या अहिल्या रांगणेकर होत्या, भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी होत्या. या पक्षांचे पुरुष नेते एका व्यासपीठावर येताना शंभर अटी घालत. या स्त्रिया मात्र रेशनच्या दुकानातल्या रिकाम्या पोत्यांवर एकमत करू शकल्या. थाळीवर लाटणे वाजवीत हजारो गृहिणी रस्त्यावर उतरल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींनी त्याआधी कधी मोर्चात पाऊल ठेवलेले नव्हते.

आता आपल्या प्रश्नाकडे वळतो. 1972 मध्येच मृणालताई गोरेगावमधून विधानसभेवर निवडून आल्या होत्या. म्हणजे ज्या महिन्यांत त्या रस्त्यावर लाटणे घेऊन उभ्या होत्या, त्याच महिन्यांत त्या सभागृहात पुरवठा मंत्र्यांना जाब विचारण्याच्या स्थितीत होत्या. रेशनचा साठा गोदामातून किती निघाला आणि दुकानात किती पोहोचला, हा तारांकित प्रश्न (ज्याचे उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावे लागते) एखादा विद्वान वकीलही विचारू शकतो. परंतु मंत्र्यांनी ‘साठा पुरेसा आहे’ असे उत्तर दिल्यावर, अमुक भागातले दुकान इतके दिवस बंद आहे, असे उपप्रश्नात तिथल्या तिथे सांगायचे असेल, तर ज्याने ते दुकान पाहिले आहे त्यालाच ते जमते. उपप्रश्न हे विरोधी सदस्याच्या हातातले फार प्रभावी साधन आहे, कारण त्याची लेखी पूर्वसूचना मंत्र्याला मिळालेली नसते.

म्हणून मोर्चा आणि सभागृह या दोन वेगळ्या प्रकृतीच्या माणसांच्या जागा आहेत, ही समजूत मला मान्य नाही. कायद्याचा अभ्यास लागतो, हे आपले म्हणणे योग्यच आहे, पण तो अभ्यास करता येतो. विधानसभेचे नियम छापील असतात, ग्रंथालय असते, जुने सदस्य शिकवतात. लोकांच्या अडचणीची पहिल्या हातची माहिती मात्र अशी ग्रंथालयातून काढून आणता येत नाही.

‘पाणीवाली बाई दिल्लीत’ ही घोषणा आम्ही लहानपणी ऐकली होती. त्यांनी दिल्लीत काय केले? मंत्रिपद का घेतले नाही? – दोन वाचक, बोरिवली आणि ठाणे

पूर्ण घोषणा ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ अशी होती. दिल्लीवाली बाई म्हणजे इंदिरा गांधी. तिचा संदर्भ 1977च्या निवडणुकीचा. आणीबाणी जाहीर झाल्यावर मृणालताई काही काळ भूमिगत राहिल्या, नंतर पकडल्या गेल्या आणि तुरुंगात होत्या. निवडणुका जाहीर झाल्यावर त्या मुंबई उत्तर मतदारसंघातून उभ्या राहिल्या आणि जिंकल्या. मुंबई उत्तर-मध्य मतदारसंघातून अहिल्या रांगणेकर जिंकल्या. सहाव्या लोकसभेत सगळ्या देशातून अवघ्या 19 स्त्रिया निवडून आल्या होत्या. लोकसभेच्या इतिहासातली ही सर्वांत कमी संख्या आहे. त्या 19 जणींत लाटणे मोर्चाच्या या दोन नेत्या होत्या, ही गोष्ट महाराष्ट्राने अधिक अभिमानाने सांगायला हवी.

मोरारजी देसाई यांनी मृणालताईंना आरोग्य खात्याचे मंत्रिपद देऊ केले होते आणि त्यांनी ते नम्रपणे नाकारले. लोकांमध्ये राहून काम करायचे आहे, हे त्यांनी दिलेले कारण होते. या नकाराचे आजही मोठे कौतुक होते. माझे मत थोडे वेगळे आहे, आणि ते आदर राखूनच सांगतो. गोरेगावात घरोघरी कुटुंबनियोजन समजावून सांगणारी स्त्री आरोग्यमंत्री झाली असती, तर आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीने त्या कार्यक्रमाची जी बदनामी झाली होती, ती पुसून काढायला तिच्याइतकी योग्य व्यक्ती दुसरी मिळाली नसती. सत्तेपासून दूर राहणे हा आपल्या सार्वजनिक जीवनात सद्गुण मानला जातो. तथापि स्त्रियांची संख्या आधीच इतकी कमी असताना एका कर्तबगार स्त्रीने खाते नाकारले, यात देशाचेही काही गमावले गेले.

ती लोकसभा अडीच वर्षेही टिकली नाही. ऑगस्ट 1979 मध्ये ती विसर्जित झाली. त्यामुळे मृणालताईंच्या कायदेमंडळातील कामाचे मोठे फळ पाहायचे असेल, तर दिल्लीपेक्षा 1985 नंतरच्या मुंबईच्या विधानसभेकडे पाहावे लागते. त्या वर्षी त्या पुन्हा आमदार झाल्या आणि 1988-89 मध्ये त्यांनी विरोधी पक्षनेतेपदही सांभाळले. त्या काळात गर्भजल परीक्षा करून मुलीचा गर्भ पाडण्याचे प्रकार मुंबईत उघडपणे चालत होते आणि त्यांच्या जाहिरातीही लागत. मुंबईतील स्त्री-संघटना, काही डॉक्टर आणि वकील यांनी याविरुद्ध मोहीम सुरू केली, आणि 1986 मध्ये मृणालताईंनी गर्भलिंगनिदानाला आळा घालणारे अशासकीय (म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले) विधेयक विधानसभेत आणले. ते त्याच स्वरूपात मंजूर झाले नाही, पण त्यामुळे विषय सभागृहाच्या पटलावर आला आणि तो टाळणे सरकारला अवघड झाले. 1988 मध्ये महाराष्ट्राने स्वतःचा कायदा केला. असा कायदा करणारे हे देशातले पहिले राज्य होते. सहा वर्षांनी, 1994 मध्ये, केंद्राचा कायदा आला आणि तो 1996 पासून लागू झाला. आज कोणत्याही सोनोग्राफी केंद्रात भिंतीवर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ अशी पाटी दिसते. तिच्या मागे जाऊ लागलो, तर वाट मुंबईतल्या या मोहिमेपाशी आणि या विधेयकापाशी येते.

अशासकीय विधेयक म्हणजे काय? ते मंजूर होतच नसेल, तर खासदार ते मांडतात कशासाठी? – एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

जे विधेयक मंत्री मांडतात ते शासकीय आणि मंत्री नसलेला कोणीही सदस्य मांडतो ते अशासकीय. लोकसभेत यासाठी शुक्रवारच्या बैठकीतले शेवटचे अडीच तास राखून ठेवलेले असतात, आणि कोणाच्या विधेयकावर आधी चर्चा होणार हे सोडतीने ठरते. बहुतेक वेळा चर्चेच्या अखेरीस मंत्री सरकारची भूमिका सांगतात, विधेयक मागे घेण्याची विनंती करतात आणि सदस्य ते मागे घेतात. स्वातंत्र्यानंतर आजवर अशी फक्त 14 विधेयके कायदा झाली आणि 1970 नंतर तर एकही नाही. ही आकडेवारी निराश करणारी आहे. मग खटाटोप कशासाठी, ही आपली शंका अगदी रास्त आहे.

याचे उत्तर प्रमिला दंडवते यांच्या उदाहरणातून चांगले मिळते. प्रमिलाताई 1968 ते 1973 मुंबईत नगरसेविका होत्या, आणीबाणीत त्यांना येरवड्याच्या तुरुंगात ठेवले होते आणि 1980 मध्ये त्या मुंबई उत्तर-मध्यमधून लोकसभेवर गेल्या. दरम्यान महिला दक्षता समितीच्या कामातून, स्वयंपाकघरात स्टोव्हचा भडका उडून मेलेल्या म्हणून नोंदवल्या गेलेल्या सुनांची प्रकरणे त्यांच्यापुढे येत होती. हुंडाबंदीचा कायदा 1961 पासून पुस्तकात होता. मात्र हुंड्याची त्यातली व्याख्या अशी होती की, लग्न ठरण्याच्या मोबदल्यात दिलेली वस्तूच तिच्यात बसे, आणि ‘मोबदला’ सिद्ध करणे न्यायालयात जवळजवळ अशक्य होई. लग्नानंतर वर्ष-दोन वर्षांनी स्कूटर मागितली, तर ती मागणी हुंडा आहे हे दाखवता येत नसे.

प्रमिलाताईंनी 1980 मध्ये हा कायदा दुरुस्त करणारे अशासकीय विधेयक आणले. ते जसेच्या तसे मंजूर झाले नाही, पण या प्रयत्नांमधून हुंडाबंदी कायद्याची अंमलबजावणी तपासण्यासाठी दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती नेमली गेली. समितीने राज्याराज्यांत जाऊन साक्षी घेतल्या आणि 1982 मध्ये अहवाल दिला. पुढे 1983 मध्ये विवाहित स्त्रीच्या छळाविषयीचे कलम 498-अ दंडसंहितेत आले, 1984 मध्ये हुंड्याची व्याख्या बदलली, 1986 मध्ये आणखी कडक दुरुस्त्या झाल्या आणि हुंडाबळी हा स्वतंत्र गुन्हा म्हणून दंडसंहितेत दाखल झाला. सरकारने ते विधेयक स्वीकारले नाही, पण त्याचा विषय स्वीकारला.

कायद्याच्या विद्यार्थिनीने या प्रक्रियेतला समितीचा टप्पा विशेष बारकाईने पाहावा, असे मी सुचवीन. सभागृहात भाषणाला मोजकी मिनिटे मिळतात, तर समितीत अधिकाऱ्याला समोर बसवून तासभर प्रश्न विचारता येतात, कागद मागवता येतात आणि पक्षभेद थोडा बाजूला ठेवून बोलता येते. 1993 पासून खात्यांशी निगडित स्थायी समित्या सुरू झाल्या, त्यामुळे हे काम आता बारमाही चालते. मात्र या बैठका दूरचित्रवाणीवर दिसत नाहीत. टीव्हीवर आरडाओरडा दिसतो म्हणून संसदेत कामच होत नाही, असे ठरवण्याआधी समित्यांचे अहवाल एकदा चाळून पाहावेत.

आम्ही इंदूरचे मराठी लोक. आपल्या टिपणात सुमित्राताई महाजन यांचा उल्लेखही नव्हता, याचे आश्चर्य वाटले. – एक वाचक, इंदूर

टिपण मृणालताईंवर असल्यामुळे तो आला नव्हता. आपण पत्र लिहिलेत, हे बरे झाले. सुमित्राताई मूळच्या चिपळूणच्या. त्यांचा जन्म 1943चा. लग्न होऊन त्या होळकरांच्या इंदूरला आल्या आणि तिथल्या झाल्या. त्यांचाही मार्ग नगरपालिकेतूनच जातो. 1984 मध्ये त्या इंदूरच्या उपमहापौर झाल्या. 1985 मध्ये विधानसभेची निवडणूक हरल्या. आणि 1989 मध्ये माजी मुख्यमंत्री व माजी केंद्रीय गृहमंत्री प्रकाशचंद्र सेठी यांचा पराभव करून लोकसभेत पोहोचल्या. त्यानंतर 2014 पर्यंत सलग आठ वेळा त्याच मतदारसंघाने त्यांना निवडून दिले. मराठी ही जिथे बहुसंख्यांची भाषा नाही, अशा शहराने एका मराठी स्त्रीला ‘ताई’ म्हणून तीस वर्षे आपले मानले, यात इंदूरचाही मोठेपणा आहे.

2014 ते 2019 त्या लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. या पदावर पोहोचलेल्या त्या मीरा कुमार यांच्यानंतरच्या दुसऱ्याच स्त्री. अध्यक्ष म्हणून त्यांनी खासदारांना विविध विषयांवर तज्ज्ञांकडून माहिती मिळावी यासाठी 2015 मध्ये संशोधन उपक्रम सुरू केला, आणि मार्च 2016 मध्ये देशभरातील महिला लोकप्रतिनिधींची परिषद दिल्लीत भरवली. राजकीय विचाराने मृणालताई आणि सुमित्राताई दोन टोकांना होत्या. तरी पाणी, गटार, रस्ता यांच्या फायलींपासून दोघींची सुरुवात झाली, हे साम्य नजरेत भरते.

आपण कितीही उदाहरणे दिलीत, तरी राजकारणातल्या बहुतेक स्त्रिया कोणाची तरी मुलगी, सून किंवा पत्नी असतात. हे आपण मान्य करणार का? – एक वाचक, सोलापूर

बऱ्याच अंशी मान्य आहे. गोव्यात शशिकला काकोडकर 1973 मध्ये मुख्यमंत्री झाल्या, त्या वडील दयानंद बांदोडकर यांच्या निधनानंतर. प्रमिलाताई आणि मधू दंडवते हे पती-पत्नी सातव्या लोकसभेत एकाच वेळी सदस्य होते. अहिल्याताईंचे बंधू बी. टी. रणदिवे हे कम्युनिस्ट चळवळीतले मोठे नाव. घराण्याचा हा फायदा पुरुषांनाही मिळतो. फरक इतकाच की, पुरुषांना पक्षात शिरायला आणखी चार दारे उघडी असतात आणि स्त्रीला अनेकदा घरातलेच एक.

परंतु नाते सांगितल्यावर व्यक्तीविषयी सगळे सांगून झाले, असे मी मानत नाही. शशिकलाताई 1967 पासून विधानसभेच्या सदस्य होत्या आणि मुख्यमंत्री झाल्यावर 1979 पर्यंत त्या पदावर राहिल्या. अहिल्याताईंनी कामगार वस्त्यांत आणि महापालिकेत मिळून आयुष्याची कित्येक दशके काढली. ते काम भावाच्या नावावर होत नसते. कोणत्याही लोकप्रतिनिधीला, स्त्री असो वा पुरुष, नात्याने मिळालेली पहिली निवडणूक आपण हिशेबातून वगळावी आणि पुढच्या पाच वर्षांतली उपस्थिती, प्रश्न आणि समितीतले काम पाहावे. ही माहिती लोकसभेच्या संकेतस्थळावर सदस्यनिहाय मिळते.

मी ग्रामपंचायत सदस्य आहे. राखीव जागेवरून निवडून आले. बैठकीत माझ्याऐवजी माझ्या पतींनाच विचारले जाते. मला पुढे जिल्हा परिषदेपर्यंत जायचे आहे. काय करू? – एक भगिनी, सातारा जिल्हा

ताई, आपले पत्र या सदराला आलेल्या पत्रांत मला सर्वांत मोलाचे वाटते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम आपल्या हक्काविषयी. 73व्या घटनादुरुस्तीमुळे 1993 पासून देशभर पंचायतींत स्त्रियांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखीव झाल्या आणि महाराष्ट्राने 2011 मध्ये हे प्रमाण 50 टक्के केले. आपण राखीव जागेवरून आलात म्हणून आपले मत अर्धे धरले जात नाही. मासिक सभेत बसण्याचा, बोलण्याचा आणि मत देण्याचा अधिकार निवडून आलेल्या सदस्याचा आहे. पतींना, सासऱ्यांना किंवा दिरांना तो नाही. ‘सरपंचपती’ हे पद गावोगाव ऐकू येते, पण कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात ते नाही.

आता प्रत्यक्ष काय करावे. सभेची नोटीस आपल्या हातात घ्या. ती पतींच्या फोनवर येत असेल, तर आपला क्रमांक ग्रामसेवकांकडे लेखी द्या. विषयपत्रिकेतला एकच विषय निवडा, त्याविषयीचे कागद आधी मागा आणि सभेत त्यावर एक प्रश्न विचारा. प्रश्न आणि उत्तर दोन्ही प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, लिहिले गेले की नाही, हे सही करण्यापूर्वी वाचून पाहा. आपल्याकडे घाईघाईने, काही वेळा कोऱ्या पानावरही, सह्या घेतल्या जातात. ती सवय आपल्यापुरती आजपासून मोडा. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद महाराष्ट्रात आहे. ती आपल्या गावात कागदावरच उरकली जात असेल, तर बचत गटातल्या चार जणींना सोबत घेऊन ती खरोखर भरवा. तिथे ठरलेली एखादी मागणी, मग ती शाळेच्या स्वच्छतागृहाची असो की स्मशानभूमीच्या रस्त्याची, ठरावात आणून तडीस न्या. जिल्हा परिषदेची उमेदवारी मागायला जाल, तेव्हा पक्षाच्या कार्यालयात हे पूर्ण झालेले काम आणि त्याचे ठराव आपल्या हातात असू द्या.

पतींविषयी आपण कटुतेने लिहिलेले नाही, हे मला जाणवले. त्यांचे सहकार्य असेल तर ते सभागृहाबाहेर घ्या: गाडीवरून तालुक्याला सोडणे, घरची कामे वाटून घेणे, निवडणुकीत फिरणे. सभेच्या दारापाशी मात्र त्यांनी थांबावे, हे त्यांना आपणच सांगायला हवे. पहिल्यांदा हे बोलणे जड जाईल, पण गावातल्या पुढच्या सदस्य भगिनीला ते त्यामुळे थोडे सोपे होईल.

महिला आरक्षणाचा कायदा झाला आहे, मग 2024 च्या लोकसभेत त्याचा परिणाम का दिसला नाही? – एक वाचक, नागपूर

कारण त्या कायद्यातच तशी अट आहे. सप्टेंबर 2023 मध्ये संसदेने मंजूर केलेली 106वी घटनादुरुस्ती लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवते. मात्र कायदा लागू झाल्यानंतरच्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध व्हावेत, त्यांच्या आधारे मतदारसंघांची फेररचना व्हावी आणि मग आरक्षण सुरू व्हावे, असा क्रम त्यात घातला आहे. 2024 मध्ये देशातून 74 स्त्रिया निवडून आल्या, म्हणजे 2019 च्या 78 पेक्षाही चारने कमी. महाराष्ट्रातल्या 48 खासदारांत सात स्त्रिया आहेत. पहिले विधेयक 1996 मध्ये देवेगौडा सरकारने मांडले होते आणि गीता मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याच वर्षी अहवाल दिला होता, हे आठवले की, या विषयात अट घालणे किती सोयीचे असते ते कळते. पक्षांना मनापासून वाटले, तर तिकीटवाटपात एक तृतीयांश स्त्रिया आजही उभ्या करता येतात. त्यासाठी कोणत्याही जनगणनेची गरज नाही.

लोकसभेची किंवा विधानसभेची निवडणूक लढवायला शिक्षणाची अट आहे का? – एक वाचक, परभणी

नाही. दोन्हींसाठी वय किमान 25 वर्षे आणि मतदार यादीत नाव हवे. राज्यसभेसाठी वय 30 लागते. अनामत रक्कम सर्वसाधारण उमेदवाराला लोकसभेसाठी 25 हजार आणि विधानसभेसाठी 10 हजार रुपये आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना तिच्या निम्मी. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा अधिक मते न मिळाल्यास ती जप्त होते.

मृणालताईंची भाषणे कुठे वाचायला मिळतील? माझ्या मुलीला प्रकल्पासाठी हवी आहेत. – एक पालक, पुणे

लोकसभेतील चर्चांचे खंड संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात विनामूल्य उपलब्ध आहेत. सहावी लोकसभा निवडून मार्च 1977 ते ऑगस्ट 1979 या काळातील कामकाज पाहावे. खंड इंग्रजी आणि हिंदीत आहेत, म्हणून नावाचा शोध त्या लिप्यांत घ्यावा लागेल. मुलीला भाषणांपेक्षा आधी प्रश्न वाचायला सांगा. ते लहान असतात, त्यांच्याखाली मंत्र्यांचे उत्तर असते, आणि कोणता विषय सदस्याने पुन्हा पुन्हा लावून धरला हे त्यांवरून पटकन लक्षात येते. अहिल्या रांगणेकर यांचे प्रश्नही त्याच खंडांत सापडतील. दोघींची तुलना केली तर प्रकल्प अधिक चांगला होईल. 1972 आणि 1985 नंतरच्या विधानसभेतील कामकाजासाठी मुंबईच्या विधान भवनातील ग्रंथालयात चौकशी करावी, आणि तिथे 1986 मधील गर्भलिंगनिदानाच्या विधेयकाची मागणी जरूर करावी.